टपावर पेटी लावली तर फ्रान्समध्ये टोल वाढतो का?

प्रश्न थोडक्यात असा. स्टुटगार्टला राहणारं कुटुंब. पुण्याहून दोन्हीकडचे आईवडील येणार, घरात दोन मुलं, म्हणजे एकूण आठ माणसं. नऊ आसनी व्हॅन भाड्याने घेऊन फ्रान्समार्गे बार्सिलोनाला जायचं, आणि जमलं तर येताना इटलीतून यायचं. व्हॅनची उंची १.९७ मीटर. आठ जणांचं सामान आत मावत नाही म्हणून टपावर पेटी लावायचा विचार आहे, ती लावली की उंची २.४० च्या आसपास जाते. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की फ्रान्समध्ये दोन मीटरच्या वर गेलात की टोल दीडपट. मग पेटी लावावी, उंच टपाची मोठी गाडी घ्यावी, की मागे छोटा ट्रेलर जोडावा? वडिलांना चाकांची खुर्ची लागते, तिचाही विचार करायचा आहे.

मी ल्योंजवळ व्हॅन आणि कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशा गाड्या) भाड्याने देणाऱ्या एका यार्डात काम करतो. गाडी ताब्यात देताना टोलचं समजावून सांगणं हे माझं काम, आणि गाडी परत आल्यावर टोलच्या पावत्या घेऊन वाद घालायला येणारी माणसंही माझ्याच टेबलावर येतात. त्यामुळे या दोन मीटरच्या रेषेशी माझी रोजची गाठ आहे.

आधी उत्तर सांगतो. पेटीमुळे तुमच्या गाडीचा वर्ग बदलत नाही. तुमच्या ओळखीच्याने सांगितलेला दीडपटीचा नियम खरा आहे, पण तो गाडीच्या स्वतःच्या उंचीला लागू होतो. टपावर बांधलेलं सामान, पेटी, कॅरिअर, सायकली, अँटेना या गोष्टी त्या उंचीत धरत नाहीत. १.९७ ची व्हॅन पेटीसकट वर्ग १ मध्येच राहते.

पण एवढ्यावर थांबलो तर तुम्ही टोलनाक्यावर अडकाल. तुमच्या गाडीला आता दोन उंच्या आहेत. दर ठरतो तो १.९७ वर. नाक्यावरचा सेन्सर, लेनवर लटकलेली दांडी आणि पार्किंगची कमान यांना मात्र २.४० दिसते. त्यांना नियमाशी काही घेणंदेणं नाही. पुढचं सगळं या दोन उंच्यांमधल्या गोंधळाबद्दल आहे.

फ्रान्समध्ये वाहनांचे पाच वर्ग आहेत. एकूण उंची २ मीटर किंवा त्याहून कमी आणि कमाल अनुज्ञेय वजन ३.५ टनांपर्यंत असेल तर वर्ग १. वजन तेवढंच पण उंची २ ते ३ मीटरच्या दरम्यान असेल तर वर्ग २. उंची ३ मीटर किंवा अधिक असेल, किंवा वजन ३.५ टनांच्या वर असेल, तर दोन आसांच्या (आस म्हणजे ॲक्सल, दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा) वाहनाला वर्ग ३ आणि तीन किंवा जास्त आसांच्या वाहनाला वर्ग ४. मोटरसायकली वर्ग ५ मध्ये. वर्ग २ चा दर वर्ग १ च्या साधारण दीडपट असतो, रस्त्यागणिक थोडा इकडेतिकडे. दर दरवर्षी १ फेब्रुवारीला बदलतात, म्हणून आकडे इथे देत नाही. महामार्ग चालवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कुठून कुठे, कोणता वर्ग असं टाकलं की त्या दिवसाचा दर मिळतो.

इथे ‘वजन’ म्हणजे काट्यावर भरणारं वजन नव्हे, कागदावर लिहिलेलं कमाल वजन. तुमच्या जर्मन नोंदणीपत्रात ते एफ.१ आणि एफ.२ या रकान्यांत असतं. त्याच कागदावर रकाना २० आहे, त्यात उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. भाड्याची गाडी ताब्यात घेताना तो कागद मागून घ्या आणि रकाना २० चा फोनवर फोटो काढून ठेवा. पुढे नाक्यावर किंवा नंतर पत्रव्यवहारात वाद झालाच तर हाच तुमचा पुरावा. फ्रेंच नोंदणीपत्रात उंचीचा रकाना नसतो, त्यामुळे या बाबतीत जर्मन पाटीची गाडी उलट सोयीची पडते.

आपल्याकडून आलेल्या माणसाला हे सगळं विचित्र वाटतं, कारण भारतात टोलचा उंचीशी संबंध नाही. तिथे राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांप्रमाणे वाहनाचा प्रकार, वजन आणि आसांची संख्या बघतात. इनोव्हाच्या कॅरिअरवर ताडपत्रीत बांधून घरभराचं सामान ठेवलं तरी उर्सेच्या नाक्यावर ती कारच. टेम्पो ट्रॅव्हलर मिनीबसच्या वर्गात जातो तो प्रकारामुळे, उंच आहे म्हणून नाही. मग फ्रान्सने उंची का धरली?

मला पटणारं कारण असं. टोल वसूल करायचा तो रस्त्याची झीज आणि व्यापलेली जागा यांच्या प्रमाणात, हे तत्त्व सगळीकडे सारखं आहे. झिजेचं म्हणाल तर ती उंचीने होत नाही, आसावरच्या भाराने होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान रस्त्यांवर जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान सोळापट होतं. त्या हिशेबाने रिकामी उंच व्हॅन आणि भरलेली मोठी कार यांच्यात रस्त्याला फारसा फरक जाणवत नाही. पण नाक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं कागदावरचं वजन यंत्राला वाचता येत नाही. आस मोजता येतात, आणि ठरावीक उंचीवर प्रकाशाचा किरण लावला तर तो तुटला की नाही हेही कळतं. उंच गाडी म्हणजे बहुधा मालवाहू गाडी, हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो. उंची निवडली गेली ती ती मोजायला सोपी आहे म्हणून. हा अंदाज जिथे चुकतो, तिथे तुमच्यासारखी माणसं उभी असतात: टपावर पेटी असलेली कुटुंबाची गाडी किरणाला मालवाहू व्हॅनसारखी दिसते.

हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया ही कॅम्पर टप मिटवल्यावर दोन मीटरच्या किंचित खाली भरते. हा योगायोग नाही. शहरातल्या तळघरातल्या पार्किंगच्या कमानी आणि अशा टोलच्या रेषा डोळ्यांसमोर ठेवून ते दोन-चार सेंटिमीटर सांभाळलेले असतात. रेनोची ट्राफिक किंवा फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर या नऊ आसनी गाड्या साध्या टपाच्या रूपात दोन मीटरच्या थोड्या खालीच राहतात. याउलट फियाटची डुकाटो सगळ्यात बुटक्या टपातही २.२५ मीटरच्या आसपास आणि सगळ्यात उंच टपात २.७६ पर्यंत जाते. ती घेतलीत की वर्ग २ ठरलेला, तिथे वादाला जागाच नाही.

आता नाक्यावर प्रत्यक्ष काय होतं ते.

लांबून लेनवरच्या खुणा दिसतात. हिरवा बाण असलेल्या लेनमध्ये सगळ्या प्रकारे पैसे भरता येतात. नारिंगी रंगातलं ‘टी’ अक्षर म्हणजे तेलेपेआज, म्हणजे काचेवर लावलेल्या यंत्राची लेन, आपल्या फास्टॅगसारखी. काही लेनवर लाल वर्तुळात २ मीटर असं लिहिलेलं असतं आणि वर आडवी दांडी किंवा लटकता पट्टा असतो. ही लेन तुमच्यासाठी नाही. तुमचा दर वर्ग १ चा असला तरी पेटीसकट तुम्ही तिथून जाऊ शकत नाही. आठ माणसं भरलेली गाडी, मागे गाड्यांची रांग आणि समोर दांडीला टेकलेली पेटी, हा प्रसंग ऑगस्टच्या शनिवारी कुणावरही येऊ नये. पेटीचे कोपरे फुटलेल्या गाड्या आमच्याकडे परत येतात, त्यातल्या काही अशाच लेनमधून आलेल्या असतात आणि बाकीच्या पार्किंगमधून. म्हणून नाका दिसायला लागला की उजव्या बाजूच्या, उंचीची पाटी नसलेल्या हिरव्या बाणाकडे सरका, आणि ते लवकर करा. शेवटच्या क्षणी लेन बदलणं तिथे फार अवघड असतं.

आत शिरताना तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे भरायचे, अशी बहुतेक रस्त्यांची पद्धत आहे. बाहेर पडताना यंत्रात तिकीट घातलं की पडद्यावर रक्कम दिसते आणि तिच्याबरोबर वर्गही दिसतो. रक्कम बघण्याआधी वर्ग बघा. तिथे २ दिसला तर कार्ड पुढे करू नका. यंत्रावर मदतीचं बटण असतं, ते दाबा. दुसऱ्या टोकाला माणूस बोलतो, त्याला कॅमेऱ्यातून तुमची गाडी दिसत असते. फ्रेंच येत नसेल तरी “क्लास अं, कॉफ्र द त्वा” एवढं म्हणालात की पुरतं. म्हणजे वर्ग १, टपावर पेटी. तो वर्ग बदलतो आणि पडद्यावरची रक्कम कमी होते. मागचा माणूस भोंगा वाजवेल, वाजवू द्या. एकदा पैसे भरून फाटक उघडलं की मग पावती, नोंदणीपत्राचा फोटो, अर्ज, आणि काही आठवड्यांची वाट. पैसे मिळतात, पण ज्या कामाला नाक्यावर दोन मिनिटं लागली असती त्याला घरी दोन संध्याकाळी लागतात.

पावती मात्र दरवेळी घ्या, रक्कम बरोबर असली तरी. यंत्रावर त्याचं वेगळं बटण असतं, आपोआप येईलच असं नाही.

आमच्याकडे येणारे बरेच लोक विचारतात की काचेवरचं यंत्र घेतलं तर हा त्रास वाचेल का. त्रास वाचत नाही, नजरेआड होतो. यंत्राच्या लेनमध्येही वर्ग सेन्सरच ठरवतो. फाटक उघडतं, तुम्ही निघून जाता, आणि महिन्याच्या बिलात वर्ग २ लागलेला दिसतो. काहींना तोही दिसत नाही, कारण बिल कोणी वाचत नाही. ज्यांची गाडी रोजची आहे आणि टपावर काही नाही त्यांनी यंत्र जरूर घ्यावं, रांगा वाचतात. तुमच्यासारख्या एका सहलीसाठी, तेही पेटी असताना, मी कार्डाने पैसे भरायला सांगेन. पडदा समोर असतो, चूक तिथल्या तिथे दिसते.

चूक नेमकी किती महागात पडते हे रस्त्यावर अवलंबून आहे, आणि तुमच्या रस्त्यावर ती महाग पडते. स्टुटगार्टहून म्युलूझपर्यंत टोल नाही. तिथून ए३६ या महामार्गाने बोनकडे निघालात की टोल सुरू होतो. बोनला ए६ लागतो आणि ल्योंच्या उत्तरेला वीलफ्रांश-लिमासच्या नाक्यावर पहिली मोठी रक्कम भरावी लागते. ल्यों शहराच्या पूर्वेच्या ए४६ या वळणरस्त्याला टोल नाही. शहर मागे टाकलं की व्हिएनजवळच्या नाक्यावर पुन्हा तिकीट घ्यायचं, मग ए७, ऑरांजपासून ए९, आणि पैसे भरायचे ते थेट स्पेनच्या सीमेजवळ ल बुलूला. म्हणजे शेकडो किलोमीटरचा हिशेब एकाच पडद्यावर एका रकमेत येतो. तिथे वर्ग चुकला तर एवढ्या सगळ्या अंतराचे दीडपट पैसे एका झटक्यात जातात. छोट्या नाक्यावर दोन-तीन युरोंचा फरक पडला तर सोडून द्या, पण वीलफ्रांश आणि ल बुलू या दोन पडद्यांसमोर चष्मा लावून बसा.

सीमा ओलांडली की सुटका. ला जोंकेरापासून बार्सिलोना आणि पुढे तारागोनापर्यंतचा एपी-७ हा १ सप्टेंबर २०२१ पासून टोलमुक्त आहे. शिवाय स्पेनमध्ये जिथे टोल आहे तिथेही आस आणि जोडचाकं बघतात, उंची नाही.

एक नवा प्रकार फ्रान्समध्ये वाढतो आहे, तो सांगून ठेवतो. काही रस्त्यांवर नाकेच काढून टाकले आहेत: ए७९ वर २०२२ पासून, आणि पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए१३-ए१४ वर २०२४ पासून. वर कमान असते, ती नंबरप्लेट टिपते आणि वर्ग ठरवते, आणि पैसे तुम्ही ७२ तासांच्या आत संकेतस्थळावर भरायचे. तिथे बटणही नाही आणि माणूसही नाही. तुमच्या वाटेवर हे रस्ते येत नाहीत. पण पॅरिसचा बेत ठरलाच तर पैसे भरण्यापूर्वी तिथेही वर्ग तपासून घ्या, आणि भाड्याच्या गाडीचा नंबर लिहून ठेवा. मुदत चुकली तर दंडाची नोटीस आधी गाडीच्या मालकाकडे जाते आणि तो आपला हाताळणी खर्च वर लावून ती तुमच्याकडे पाठवतो.

एवढ्यापर्यंतचं चार वाक्यांत: पेटी लावा. दोन मीटरची पाटी असलेली लेन टाळा. पडद्यावर वर्ग १ दिसल्याशिवाय कार्ड देऊ नका. रकाना २० चा फोटो आणि पावत्या जपून ठेवा.

आता उरलेले दोन पर्याय, ट्रेलर आणि मोठी गाडी.

ट्रेलरचं फ्रान्सपुरतं उत्तर सोपं आहे. ओढणारी गाडी ३.५ टनांच्या आत आणि ट्रेलरसकट एकूण उंची दोन मीटरच्या आत असेल तर वर्ग १ च. सामानाचा बुटका, ताडपत्रीचा ट्रेलर ओढला तर एक युरोही वाढत नाही. राहायचा कॅरव्हॅन ओढला तर तो जवळजवळ नेहमी दोन मीटरच्या वर असतो आणि सगळी जोडी वर्ग २ मध्ये जाते. पण तुम्ही इटलीचं म्हणता आहात, आणि इटलीत हिशेब उलटतो. तिथे दोनपेक्षा जास्त आस झाले की आसांच्या संख्येने वर्ग ठरतो, म्हणजे एका आसाचा छोटा ट्रेलर जोडला की तुमची व्हॅन तीन आसांच्या वर्गात. शिवाय ट्रेलर ओढताना जर्मनीत वेगाची मर्यादा ताशी ८० वर येते, खास परवानगी असलेल्या जोडीला १००. आठ माणसं घेऊन, त्यात चौघं सत्तरीच्या आसपासची असणार, मी ट्रेलरच्या भानगडीत पडणार नाही. मागे घेणं, पार्किंग, सगळंच अवघड होतं.

उंच टपाच्या गाडीचं मात्र टोलवरून ठरवू नका. लोक वर्ग २ ऐकून घाबरतात आणि बुटक्या गाडीत आठ माणसं कोंबतात. टोल दीडपट होतो हे खरं, पण तो फक्त फ्रान्समधल्या टोलच्या तुकड्यांवर. आठवडाभराचं गाडीभाडं, डिझेल आणि हॉटेलं यांच्यापुढे तो फरक लहान आहे. उंच टपाची गाडी खरी महाग पडते ती डिझेलमध्ये: ताशी १३० ला वाऱ्याचा रोध जो वाढतो त्याचं बिल दर पंपावर येतं. आणि पेटी लावलेल्या बुटक्या गाडीलाही हाच नियम, रिकामी पेटी टपावर ठेवून फिरू नका. वडीलधाऱ्यांना वाकून चढायला त्रास होत असेल, आत उभं राहता येणं गरजेचं असेल, तर वर्ग २ चे पैसे द्या आणि निवांत जा. पाठदुखी घेऊन बार्सिलोनाला पोहोचण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. टोलवरून गाडी ठरवायची वेळ येते ती फक्त रेषेच्या काठावर, म्हणजे एक गाडी १.९९ ची आणि तशीच दुसरी २.०५ ची असेल आणि बाकी सगळं सारखं असेल, तेव्हा.

चाकांच्या खुर्चीचं वेगळं सांगतो. घडी होणारी खुर्ची मागे ठेवून वडील नेहमीच्या आसनावर बसणार असतील तर टोलच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. पण रॅम्प बसवलेली, खुर्चीसकट माणूस आत जाईल अशी उंच गाडी घेणार असाल तर फ्रान्समध्ये सवलत आहे. अपंग व्यक्तीसाठी तयार केलेलं वर्ग २ चं वाहन वर्ग १ च्या दराने जातं. अट अशी की ते वाहन तसं आहे हे नोंदणीपत्रावर लिहिलेलं हवं. नुसतं अपंगांच्या पार्किंगचं निळं कार्ड दाखवून चालत नाही. भाड्याची गाडी घेताना कागदावर तसा उल्लेख आहे का हे आधी विचारा, आणि नाक्यावर इथेही तेच बटण दाबावं लागेल, कारण किरणाला उंच टप दिसतो, रॅम्प दिसत नाही.

पार्किंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पेटीचा खरा जाच तिथेच आहे. बार्सिलोना काय किंवा ल्यों काय, शहराच्या मध्यातल्या तळघरातल्या पार्किंगची कमान बऱ्याचदा दोन मीटरची किंवा त्याहून बुटकी असते. पेटी काढलीत तरी १.९७ ची गाडी १.९० च्या कमानीखालून जात नाही. म्हणून हॉटेल निवडताना ‘पार्किंग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, कमानीची उंची विचारा. उघड्या जागेतलं पार्किंग असलेलं, शहराच्या कडेचं हॉटेल आणि पुढे मेट्रो, हे आठ जणांना बरं पडतं. आणि एक चिठ्ठी गाडीच्या आरशाजवळ चिकटवा, मोठ्या अक्षरात: २.४० मी. चौथ्या दिवशी टपावर पेटी आहे हे चालवणारा विसरतोच.

परतीला इटलीतून आलात तर नीसच्या पुढे व्हेंतिमिलियाला सीमा ओलांडाल. इटलीत दोन आसांच्या गाडीची उंची बघतात ती पुढच्या आसाच्या बरोबर वर, आणि तिथली रेषा १.३० मीटर. टप कितीही उंच असला तरी त्याचा संबंध नाही, बघायचं ते बॉनेट पुढच्या चाकाच्या वर किती आहे हे. रेषेच्या खाली वर्ग ए, वर वर्ग बी, आणि दोन्हींच्या दरांत फरक किरकोळ. त्यामुळे इटलीत मी कुणाला याची चिंता करायला सांगत नाही, आणि पेटीची तर मुळीच नाही.

पुढच्या चाकाची ही पद्धत पोर्तुगालमध्ये मात्र चांगलीच टोचायची. तिथे रेषा १.१० मीटरची होती, आणि उंच नाकाच्या नव्या गाड्या सरसकट वर्ग २ मध्ये जायला लागल्या. मांगुआल्दच्या पेजो-सित्रोएन कारखान्यात बनणाऱ्या छोट्या व्हॅनचाही प्रश्न उभा राहिला, बरीच ओरड झाली, आणि २०१९ च्या सुरुवातीपासून रेषा १.३० वर नेली. तीसुद्धा वजन २,३०० किलोच्या आत आणि इंजिन युरो ६ या प्रदूषणाच्या मानकात बसत असेल तरच. क्रोएशियाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे कारच्या वर्गाची रेषा १.९० मीटरची राहिली आहे, म्हणजे फ्रान्समध्ये वर्ग १ असलेली तुमचीच १.९७ ची व्हॅन तिथे वरच्या वर्गात जाते. तिथली टोलपद्धत बदलायच्या बेतात आहे, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ताजा नियम बघून घ्या. देश बदलला की रेषा बदलते, एवढं गृहीत धरूनच निघायचं.

इटलीतून वर येताना दोन वाटा आहेत. माँ ब्लांच्या बोगद्यातून आलात तर तिथला दर वेगळा, भरपूर, आणि तिथेही दोन मीटरची रेषा आहे. गंमत म्हणजे त्याच बोगद्याचा दर इटलीच्या तोंडाशी थोडा जास्त आणि फ्रान्सच्या तोंडाशी थोडा कमी असतो, कारण दोन देशांचा मूल्यवर्धित कर वेगळा. पण स्टुटगार्टला जायला तो रस्ता वाकडा आहे. मिलानहून गोटहार्डमार्गे स्वित्झर्लंड ओलांडा. गोटहार्डच्या रस्त्याच्या बोगद्याला वेगळा टोल नाही. ३.५ टनांच्या आतल्या गाडीला तिथले महामार्ग वापरायला वर्षभराचा ४० फ्रँकचा परवाना लागतो, गाडी उंच असो की बुटकी, टपावर पेटी असो की नसो. आता तो ऑनलाइनही मिळतो आणि नंबरप्लेटशी जोडलेला असतो. विकत घेण्यापूर्वी गाडी देणाऱ्याला विचारा. दक्षिण जर्मनीतल्या भाड्याच्या गाड्यांवर तो बऱ्याचदा आधीपासूनच असतो.